वर्गासाठी नावाचे बिल्ले: कोणता टिकतो आणि फाटतो तो कुठून

पहिलीच्या आणि बालवाडीच्या वर्गांत जूनमध्ये हौसेनं केलेले नावाचे बिल्ले गणपतीच्या सुट्टीपर्यंत कसे दिसतात, हे शाळेत वावरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. भोक फाटल्यामुळे दोरी कशीबशी बांधलेली, कडेचे पापुद्रे सुटलेले, आत पाणी शिरून स्केचपेनचा रंग पसरलेला. मग दोष कागदाला दिला जातो, नाहीतर प्लॅस्टिक हलकं होतं असं म्हटलं जातं. पण नीट पाहिलं तर बिल्ला मधोमध फाटलेला क्वचितच दिसतो. तो जातो कडेतून आणि भोकातून. म्हणून इथे स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळणाऱ्या चार गोष्टी याच दोन जागी तपासल्या आहेत: रुंद पारदर्शक चिकटपट्टी, प्लॅस्टिकचं आयकार्ड-पाकीट, न फाटणारा कागद आणि लॅमिनेशनचं पाऊच.

निकाल आधीच सांगतो. तीस-चाळीस मुलांच्या वर्गाला सगळ्यात चांगलं म्हणजे १२५ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ए-४ पाऊच, आत २१० ते २५० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) कार्डशीट, आणि कार्डं लॅमिनेशनच्या आधी सुटी कापलेली. मशीन महागातलं की स्वस्तातलं, यापेक्षा शेवटची अट जास्त महत्त्वाची आहे.

पाऊच आणि घरगुती लॅमिनेशन मशीन

पाऊचचं प्लॅस्टिक दोन थरांचं असतं. बाहेर पॉलिएस्टर आणि आत उष्णतेनं वितळणारा ईव्हीएचा चिकट थर. गरम रोलरमधून जाताना आतला थर वितळतो आणि दाबामुळे समोर जे येईल त्याला चिकटतो. समोर कागद आला तर तो कागदाच्या वरच्या तंतूंना धरतो. नखानं ओढलं की चिकटा सुटत नाही, कागदच मधून उकलतो. पण दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना थेट भिडले तर ते असे एकजीव होतात की कात्रीशिवाय वेगळे होत नाहीत. बिल्ल्याचा टिकाऊपणा या एका गोष्टीवर उभा आहे. कार्डाभोवती ३ ते ४ मिमीची नुसत्या प्लॅस्टिकची कड राहिली, तर पाण्याला आत शिरायला वाटच उरत नाही.

ए-४ कागदावर आठ-दहा नावं छापायची, अख्खा कागद लॅमिनेट करायचा आणि मग रेषेवरून कापायचं, ही पद्धत म्हणूनच चुकीची आहे. काम झटपट होतं आणि पहिल्या दिवशी बिल्ले सुरेखही दिसतात. पण चारही कडांना कागद उघडा पडलेला असतो. पावसाळी हवेत तो ओल ओढतो, फुगतो आणि प्लॅस्टिक सोडतो. मुलांना असा सुटलेला पापुद्रा सोलायला फार आवडतं, मग उरलेलं काम तीच करतात. दुकानातून लॅमिनेशन करून घेत असाल, तर कार्डं आधी कापून न्या आणि 'पाऊचमध्ये अशीच सुटी ठेवून काढा' असं स्पष्ट सांगा.

मापं अशी. ए-४ चं पाऊच साधारण २२५ × ३१० मिमीचं येतं. ९५ × ६० मिमीची कार्डं त्यात दोन रांगांत चार-चार अशी आठ बसतात. आडव्या अंगाला सुमारे साडेअकरा मिमी आणि उभ्या अंगाला १४ मिमी अंतर मिळतं. एवढं अंतर असलं की कापताना हात थोडा हलला तरी कड शाबूत राहते. उंची ५४ मिमी केली तर दहा कार्डं मावतात, पण मधलं अंतर जेमतेम साडेसहा मिमी उरतं. नवख्या हातानं ते करू नये. आठच्या हिशेबानं चाळीस मुलांना पाच पाऊच लागतात आणि शंभराच्या पाकिटात आठशे बिल्ले होतात. एका वर्गासाठी अख्खं पाकीट घेण्यात अर्थ नाही, शाळेनं मिळून घ्यावं.

सुटी कार्डं पाऊचमध्ये घसरतात, ही खरी अडचण. प्रत्येक कार्डाच्या मागे मध्यभागी ग्लूस्टिकचा तांदळाएवढा ठिपका लावा, पाऊचच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि पाच मिनिटं वाळू द्या. पातळ फेविकॉल वापरू नका. त्यातलं पाणी रोलरखाली वाफ होऊन बुडबुडा धरतं.

पाऊचवरचा मायक्रॉनचा आकडा बहुधा एका बाजूचा असतो. म्हणजे १२५ चं पाऊच दोन्ही बाजू मिळून २५० मायक्रॉन झालं. ८० मायक्रॉनचं पाऊच भिंतीवरच्या तक्त्याला ठीक आहे, पण गळ्यात किंवा खिशाला लावायचा बिल्ला त्यात लवकर दुमडतो आणि दुमडीवर पांढरी रेघ उमटते. २५० मायक्रॉनचं पाऊच दणकट असतं. मात्र छोट्या घरगुती मशीनला ते अनेकदा झेपत नाही, आणि कोपरे इतके कडक होतात की लहान मुलांच्या हनुवटीला आणि दंडाला ओरखडे येतात. मशीन किती मायक्रॉनपर्यंत चालतं ते तळाशी किंवा खोक्यावर छापलेलं असतं, खरेदीआधी तेवढं पाहा.

मशीन तापायला तीन ते पाच मिनिटं घेतं. दिवा लागल्यावरही मिनिटभर थांबा. पाऊच नेहमी बंद कड पुढे करून घाला. उघडी कड पुढे गेली तर वितळलेला चिकटा रोलरला धरतो आणि पाऊच आत गुंडाळलं जातं. छोटी मशीनं मिनिटाला साधारण २५ ते ३० सेमी वेगानं चालतात, त्यामुळे एका पाऊचला मिनिटभर लागतं. बाहेर येताना ओढू नका, अजून मऊ असलेलं प्लॅस्टिक ताणलं जाऊन लाटा पडतात. बाहेर आलं की लगेच सपाट फरशीवर ठेवून वर दोन-तीन जाड वह्या ठेवा. बिल्ला वाकडा होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, की तो टेबलाच्या कडेवर अर्धा लोंबकळत थंड झालेला असतो.

काय बिघडलं ते पाऊचकडे पाहून कळतं. सगळीकडे दुधाळ, ढगाळ झाक असेल तर उष्णता कमी पडली, तेच पाऊच पुन्हा एकदा त्याच दिशेनं घाला. सुरकुत्या आणि लाटा असतील तर उष्णता जास्त झाली. बारीक बुडबुड्यांचा पुंजका दिसला तर कार्डात ओल होती. जून ते सप्टेंबर, विशेषतः कोकणात, हा तिसरा प्रकार फार होतो. कार्डशीट उघडं पडून राहिलं तर ते हवेतली ओल पिऊन बसतं. अशा वेळी कार्डं लॅमिनेशनच्या आधी मंद तापलेल्या इस्त्रीखाली, वर सुती कापड ठेवून, काही सेकंद फिरवून घ्या. लेझर प्रिंट असेल तर छापील बाजू खाली आणि तिच्याखाली साधा कागद. इस्त्री खरोखर मंद हवी, नाहीतर टोनर, म्हणजे लेझर प्रिंटची शाई, त्या कागदाला लागतो.

विजेचं वेगळं सांगायला हवं. मशीन चालू असताना वीज गेली तर पाऊच गरम रोलरमध्ये अडकतं आणि तिथेच जळकं चिकटतं. बऱ्याच मशीनवर रोलर सैल करायची कळ असते. वीज जाताच ती दाबून पाऊच मागे ओढून घ्यावं. मशीन घेताना ही कळ आहे की नाही ते आवर्जून पाहा, गावातल्या शाळेला तर तिच्याशिवायचं मशीन घेऊच नये. काम संपल्यावर साधा जाडसर कागद दोन-तीनदा रोलरमधून काढला की रोलरवरचा चिकटा निघून येतो.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. झेरॉक्सच्या दुकानात ए-४ लॅमिनेशनचे साधारण वीस ते चाळीस रुपये घेतात, घरगुती मशीन दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतं. फक्त एका वर्गाचे बिल्ले करायचे असतील तर दुकान बरं. शब्दपट्ट्या, चित्रकार्डं, अंककार्डंही करणार असाल तर मशीन वर्षा-दोन वर्षांत फिटतं.

भोक: इथेच सगळे चुकतात

लॅमिनेट झालेल्या कार्डाला पंचनं भोक पाडलं की त्या भोकाच्या आत कागदाची गोल कड उघडी पडते. चारही बाजू कितीही नीट बंद केल्या असल्या तरी पाणी आता इथून शिरतं, आणि दोरीचा ताणही इथेच. भोकाभोवती आधी पिवळट-करडं वलय दिसतं, मग कागद मऊ पडतो आणि ताण एकट्या प्लॅस्टिकवर येतो.

यावरचा उपाय फुकटचा आहे. लॅमिनेशनच्या आधी कार्डाच्या वरच्या कडेला मधोमध एक अर्धगोल खाच कापा. रुपयाचं नाणं कडेवर असं ठेवा की ते ८ मिमी आत येईल, पेन्सिलनं गिरवा आणि कात्रीनं कापा. लॅमिनेट झाल्यावर या खाचेत नुसतं एकजीव झालेलं प्लॅस्टिक राहतं. वरची ४ मिमी कड धरून तिथे १२ मिमीची पारदर्शक जागा मिळते. नेहमीच्या पंचचं भोक ६ मिमीचं असतं. त्याचा मध्य वरच्या कडेपासून ६ मिमीवर घ्या, म्हणजे भोकाच्या वर ३ मिमी आणि खाली कागदापर्यंत ३ मिमी प्लॅस्टिक उरतं. कागदी बिल्ल्यांत भोकाच्या बाबतीत याच्या जवळपासही दुसरं काही पोचत नाही.

धातूचं आयलेट, म्हणजे भोकात बसवायची गोल कडी, ठोकायचा मोह होतो. ते नेटकं दिसतं, पण कागद असलेल्या भोकात ठोकलं तर पाणी थांबत नाही आणि जोरात दाबलं तर भोवती प्लॅस्टिकला चिरा जातात. खाच केलेली असेल तर आयलेटची गरजच पडत नाही.

कोपरे मात्र गोल हवेतच. कोपरे कापायचा छोटा पंच मिळतो, नाहीतर नेलकटरनंही काम होतं. कार्डाचे कोपरे लॅमिनेशनच्या आधी आणि प्लॅस्टिकचे नंतर, असे दोनदा गोल करा. कार्डाचा कोपरा टोकदार राहिला तर बाहेरचं प्लॅस्टिक गोल करताना तिथली कड एखादा मिमीच उरते आणि पापुद्रा नेमका तिथून सुटतो.

आत काय चालतं, काय नाही

लेझर प्रिंट सर्वांत निर्धोक. इंकजेटचा प्रिंट किमान काही तास, पावसाळ्यात रात्रभर वाळवा. बॉलपेन आणि पेन्सिल उत्तम. स्केचपेन पूर्ण वाळलेलं असेल तर चालतं, पण पुढे कधी पाणी शिरलं तर सर्वांत आधी तेच पसरतं. मेणाचे खडू टाळा, मेण वितळतं आणि तिथे चिकटा बसत नाही. चमकीही नको, तिच्या उंचवट्याभोवती हवा राहते. बिलं छापतात त्या थर्मल कागदावर छापलेलं काहीही मशीनमध्ये घालू नका, उष्णतेनं सगळा कागद काळा पडतो.

मुलांनी स्वतः नाव लिहायचं असेल तर कार्डावर फिकट रेघा छापून द्या आणि पेन्सिलनं लिहू द्या. मुलाच्या हातचं अक्षर वर्षभर त्याच्या छातीवर राहावं, यासारखं दुसरं सुंदर काही नाही. छापील नाव हवंच असेल तर ते दुसऱ्या बाजूला येऊ द्या.

छापायचं नाव ठळक आणि साध्या वळणाचं असावं. पहिलीतल्या मुलासाठी स्वतःचं नाव हा वाचनाचा पहिला धडा असतो, त्यामुळे पाठ्यपुस्तकात दिसतं तेच वळण बिल्ल्यावर हवं. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. नोव्हेंबर २०२२ च्या शासननिर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत, तेच येतात ना हे छापण्याआधी पाहा. 'शीतल' हे एकच नाव टाइप केलं की दोन्हींचा निवाडा होतो. फाइल दुकानात नेताना पीडीएफ करूनच न्या. फॉन्ट बदलला की 'ज्ञानेश्वरी' आणि 'कृष्णा' यांची जोडाक्षरं मोडतात, आणि चाळीस कार्डं छापून झाल्यावर ते लक्षात येतं.

अक्षराची उंची फॉन्टच्या आकड्यावरून ठरवू नका, पट्टीनं मोजा. शिरोरेषेपासून तळापर्यंत १२ मिमी ठेवा. वरच्या वेलांटी-मात्रेला आणि खालच्या उकाराला प्रत्येकी ६ मिमी मोकळे सोडा, म्हणजे पहिल्या नावाला २४ मिमी लागले. वर खाचेसाठी १४ मिमी आणि खाली आडनावाला १४ मिमी. ६० मिमी उंचीत हे सगळं ऐसपैस बसतं. इयत्ता छापू नका. ती बाहेरून गोल स्टिकरवर लावली तर तोच बिल्ला दुसऱ्या वर्षीही चालतो. पालकांचा फोन नंबर आणि पत्ता रोजच्या बिल्ल्यावर नकोच, रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही तो वाचता येतो. सहलीच्या दिवशी वेगळं कार्ड लावून त्यावर शाळेचा किंवा बाईंचा नंबर घाला.

इतर तीन पर्याय

चिकटपट्टी सर्वांत स्वस्त, आणि नीट लावली तर एक सत्र निभावते. दोन इंची पट्टी, म्हणजे ४८ मिमीची, ६० मिमीच्या कार्डाला पुरत नाही. दोन पट्ट्यांचा जोड मध्ये आला की त्या रेषेत काळा मळ बसतो. तीन इंची पट्टीच घ्या. पट्टी चिकट बाजू वर करून टेबलावर ताणून ठेवा, कार्ड एका कडेकडून हळूहळू तिच्यावर टेकवत न्या, मग वरून दुसरी पट्टी लावा आणि पोलादी पट्टीच्या कडेनं घासा. भोवती ५ मिमी कड हवी. दोष असा की हा चिकटा नेहमीच ओलसर राहतो. कापलेल्या कडेला धूळ धरते, उन्हात पट्टी सरकते आणि पिवळी पडते. पोषण आहाराच्या आमटीचे हात लागले की कडेचा चिकटा हळद धरून ठेवतो आणि ती पुसून जात नाही. पॉलिएस्टरच्या पाऊचवर तोच डाग ओल्या फडक्यानं निघतो.

प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात कार्ड बदलता येतं, हा त्याचा मोठा फायदा. मोठ्या वर्गांना, शिबिरांना, पालकसभेला ते योग्य. लहान मुलांसाठी नाही. तोंड उघडं असल्यानं पाऊस आत जातो आणि बाहेर पडत नाही. शिवाय मऊ पीव्हीसीमधला प्लॅस्टिक मऊ ठेवणारा घटक लेझरच्या टोनरला ओढतो. काही महिन्यांनी कार्ड बाहेर काढलं तर अक्षरं पाकिटाच्या आतल्या बाजूला उलटी उमटलेली दिसतात. पाकीटच वापरायचं असेल तर आतलं कार्ड बॉलपेननं लिहा.

झेरॉक्सच्या दुकानात 'नॉन टिअरेबल' म्हणून मिळणारा कागद खरं तर पॉलिएस्टरचाच पत्रा असतो. भोक फाटत नाही, पाणी लागत नाही, लॅमिनेशनही नको. कडेच्या आणि भोकाच्या कसोटीवर तो अव्वल. मात्र त्यावर फक्त छपाई चालते, आणि तीही लेझरवर. टोनर पृष्ठभागावरच बसलेला असल्यानं रोज घासून घासून अक्षरं विरळ होतात, आणि मुलांना पेन्सिलनं त्यावर लिहिता येत नाही. दप्तराला आणि पाण्याच्या बाटलीला लावायच्या पट्ट्यांसाठी तो घ्यावा. छातीवरच्या बिल्ल्यासाठी आमची पसंती कार्डशीटलाच.

लावायचा कसा

सहा वर्षांखालच्या मुलांच्या गळ्यात दोरी घालू नये. घसरगुंडीवर, झोपाळ्यावर, खिडकीच्या कडीत ती अडकते. प्लॅस्टिकच्या पट्टीची क्लिप गणवेशाच्या खिशाला किंवा बटणपट्टीला लावा. उघडी सेफ्टी पिनही नको. मोठ्या मुलांना फीत द्यायचीच असेल तर मानेमागे ओढताच सुटणारा जोड असलेली घ्या आणि देण्याआधी प्रत्येक जोड ओढून पाहा, काही इतके घट्ट असतात की सुटतच नाहीत. एका भोकाचा बिल्ला गिरक्या घेतो, म्हणून नाव दोन्ही बाजूंना हवं.

मशीन नसेल तर इस्त्रीनंही पाऊच चिकटतं. मध्यम उष्णता, वाफ बंद, वर सुती कापड, आणि बंद कडेकडून उघड्या कडेकडे एकाच दिशेनं. काम मशीनइतकं स्वच्छ होत नाही, तरी कडा नीट दाबल्या तर वर्ग चालतो.

वर्षाच्या मध्येच दाखल होणारी मुलं गृहीत धरा. ऊसतोडीला, वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची मुलं दिवाळीनंतर वर्गात येतात आणि त्यांच्याच छातीवर बिल्ला नसतो. खाच केलेली आठ-दहा कोरी कार्डं आणि एक पाऊच कपाटात राखून ठेवा. एका कार्डासाठी पाऊचच्या बंद कडेकडून ११० × ८० मिमीचा तुकडा कापा, पण तो असाच मशीनमध्ये घालू नका, एवढा लहान तुकडा रोलरच्या आत हरवतो. दुमडलेल्या साध्या ए-४ कागदात ठेवून घाला आणि दोनदा काढा. तापण्याच्या वेळेसकट दहा मिनिटांचं काम आहे, मधल्या सुट्टीत होतं.